घरघर

कसोनची पौर्णिमा होऊन गेली होती,
ताडाची सावलीसुद्धा चटका देत होती,
तेव्हा विहाराच्या भोंग्याला घरघर लागली.
इंदक नावाचा सामणेर सायकलवरून आला:
आज रात्री मंडालेहून मोठे साधू येताहेत,
आवाज स्वच्छ हवा.

मी आवाज स्वच्छ करणारा माणूस.
टेबलाएवढं दुकान, जळक्या रोझिनचा वास,
फळीवर पोटं फाडलेले रेडिओ.
कंडेन्सर फुगला होता. नवा यांगूनहून यायला आठवडा.
म्हणून मशिदीच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधला काढला.
तो मला इल्यासने दिला होता;
बाजारात त्याला सगळे को थौंग म्हणायचे,
सायकलींचे टायर विकायचा, चहा माझ्या नावावर लिहायला सांगायचा.
'घे,' म्हणाला होता, 'सुट्या भागांना होईल.
पंधरा वर्षं अजान दिलीय त्याने,
मोठ्याने बोलायची सवय आहे त्याला.'

बसवला. डाग दिला. घरघर गेली.

त्या रात्री मी ओट्यावर बसून ऐकलं,
शब्दन् शब्द सुटा, निवडलेल्या तांदळासारखा.
मारा, असं ते म्हणाले नाहीत.
एकदाही नाही. मी मोजत होतो.
रोपट्याला कुंपण लागतं, म्हणाले.
शेळीला कुंपणाचा राग येतो, येऊ द्या, म्हणाले.
आणि शेवट मैत्रीभावनेने केला:
सर्व दिशांचे सर्व जीव सुखी होवोत.
तेही स्वच्छ पोचलं,
पार टायरवाल्यांच्या गल्लीपर्यंत.

हे खरं, की आठवड्यापूर्वी चहाच्या दुकानात
दॉ न्वे यीच्या थोरल्याला सुरा लागला होता.
मारणारा मशिदीच्या बाजूचा होता.
तिचा पोरगा वाचला नाही. हेही लिहा, बाई.

तुम्ही लांबून आलात.
तुमच्याकडे दिव्यांच्या दुकानात बुद्ध मिळतो म्हणालात,
डोळे मिटलेला, कोपऱ्यात ठेवायला.
आणि विचारता: हे लोक तर मुंगी ओलांडून जातात ना?
जातात.
मुंगी ओलांडूनच गेले.

टायरचा धूर पाहिलाय कधी?
तो वर जात नाही.
घरात शिरतो, मच्छरदाणीत बसून राहतो.
त्या धुरात इंदक विहिरीवर पाणी गाळत होता.
फडक्यात एक अळी वळवळत होती.
त्याने फडकं उलटं धरून तिला परत सोडलं,
हात थरथरत होता, तरी हळूच.
मी त्याला हसत नाही.
दुसऱ्या दिवसापासून त्या विहिरीचं पाणी
कोणी काढलं नाही.

लोक म्हणतात, चिवरातले ते खरे भिक्षू नव्हतेच.
बाहेरून आणलेले होते.
असतील.
त्यातल्या एकाचा रेडिओ माझ्याकडे दुरुस्तीला आहे.
अजून न्यायला आला नाही.

इल्यासची बायको कालव्यापलीकडच्या छावणीत आहे.
मी गेलेलो नाही.
इल्यासचं विचारू नका.

वर्षावासात भोंगा पुन्हा बिघडला.
बिघडला कसला, मीच बिघडवला.
रात्री मागच्या दाराने जाऊन कंडेन्सर काढून आणला.
न दिलेलं घेतलं, म्हणजे दुसरं शील गेलं.
विचारायला आले तेव्हा म्हणालो, भाग मिळत नाही हल्ली.
चौथं गेलं.
पहिल्याचं मला अजून कोणी विचारलेलं नाही.

हा बघा, खणात.
अंगठ्याएवढा आहे.
हातात घ्या हवं तर,
फक्त दोन्ही टोकांना एकदम बोट लावू नका.
बंद केल्यावरही यात
बराच वेळ काहीतरी शिल्लक असतं.